इफ-एल्स लिहिण्याआधी कागद घ्या: प्रोग्रॅममधल्या अटी, पायरीपायरीने

कॉम्प्युटर प्रोग्रॅम वरून खाली, एकेक ओळ घेत चालवत जातो. एवढंच त्याला येत असतं, तर प्रत्येक प्रोग्रॅमने दर वेळी तेच आणि तेवढंच काम केलं असतं. समोर आलेली परिस्थिती पाहून हे करायचं की ते, हे ठरवण्याची सोय म्हणजे अट, म्हणजेच कंडिशन.

अट लिहायच्या इफ-एल्स ('जर', 'नाहीतर') या शब्दांचं व्याकरण अर्ध्या तासात शिकून होतं. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. नवशिक्यांचे प्रोग्रॅम तपासताना व्याकरणाच्या चुकांची मला काळजी वाटत नाही, कारण त्या कॉम्प्युटर स्वतःच दाखवतो. काळजी वाटते ती सुटून गेलेल्या शक्यतेची. बरोबर शून्य आलं तर काय? उलटा क्रम आला तर काय? अशा वेळी कॉम्प्युटर तक्रार करत नाही, चुकीचं उत्तर शांतपणे देऊन पुढे जातो. म्हणून या लेखात माझा आग्रह असा आहे: आधी सगळ्या शक्यता कागदावर मांडा, प्रत्येक शक्यतेला एक आणि एकच घर द्या, मग कोड लिहायला घ्या.

उदाहरणं पायथन ३ या प्रोग्रॅमिंग भाषेत आहेत. लेखात सगळा कोड देवनागरीत दिला आहे, म्हणून टाइप करताना थोडं लक्ष द्या. इफ (आय, एफ), एल्स (ई, एल, एस, ई), एलिफ (ई, एल, आय, एफ), प्रिंट, अँड, ऑर, नॉट, इन, व्हाइल, इनपुट, इंट (आय, एन, टी) हे शब्द इंग्रजी लहान लिपीत लिहायचे. ट्रू आणि फॉल्स यांचं पहिलं अक्षर मात्र कॅपिटल. कोडमधले आकडेही इंग्रजीच हवेत. व्हेरिएबलची (किंमत साठवायच्या जागांची) नावं आणि अवतरणचिन्हांतला मजकूर देवनागरीत ठेवला तरी पायथन ३ ला चालतो, त्यामुळे 'तापमान' किंवा 'वर्ष' ही नावं जशीच्या तशी वापरता येतील.

पायरी १: हो-नाहीचा प्रश्न तयार करा

प्रत्येक अटीच्या मुळाशी एक प्रश्न असतो आणि त्याची उत्तरं दोनच: हो किंवा नाही. प्रोग्रॅममध्ये ती ट्रू आणि फॉल्स म्हणून येतात. या दोन किमतींच्या प्रकाराला बूलियन म्हणतात, जॉर्ज बूल या गणितज्ञाच्या नावावरून. तर्काचे नियम बीजगणितासारखे मांडता येतात हे दाखवणारा त्याचा ग्रंथ १८५४ साली प्रसिद्ध झाला. आज आपण लिहितो ती प्रत्येक अट त्याच पायावर उभी आहे.

'पाणी किती गरम आहे?' हा अटीचा प्रश्न होऊ शकत नाही. 'पाण्याचं तापमान १०० किंवा त्याहून जास्त आहे का?' हा होऊ शकतो. प्रश्न विचारण्यासाठी तुलनेची सहा चिन्हं आहेत:

```
==   समान आहे का
!=   वेगळं आहे का
<    लहान आहे का
>    मोठं आहे का
<=   लहान किंवा समान आहे का
>=   मोठं किंवा समान आहे का
```

समानतेचं चिन्ह दुहेरी आहे, हे मनात पक्कं बसवा. एकेरी = म्हणजे 'ही किंमत ठेव' असा हुकूम, दुहेरी == म्हणजे 'समान आहे का' असा प्रश्न. पायथनमध्ये इफच्या ओळीत चुकून एकेरी चिन्ह पडलं, तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. सी भाषा मात्र ते निमूट चालवून घेते. २००३ साली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, कोडच्या एका प्रतीत कुणीतरी अशीच एक ओळ घुसवली होती. वाचताना वाटायचं, युजरचा क्रमांक शून्य आहे का असं विचारलं आहे. प्रत्यक्षात तो क्रमांक शून्य केला जात होता, आणि शून्य क्रमांक म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर. ती ओळ मुख्य कोडपर्यंत पोहोचण्याआधीच पकडली गेली. एका चिन्हाचा फरक एवढा मोठा असू शकतो.

पायरी २: पहिली अट

```
तापमान = १२०
इफ तापमान >= १००:
    प्रिंट("वाफ")
प्रिंट("तपासणी संपली")
```

इफच्या ओळीच्या शेवटी कोलन हवा, आणि अट खरी ठरल्यावर करायचं काम खालच्या ओळीत थोडं आत सरकवून लिहायचं. या आत सरकवण्याला इंडेंट म्हणतात. चार स्पेस हा पायथनमधला प्रघात आहे, तोच पाळा. एकाच ब्लॉकमध्ये, म्हणजे एका अटीखालच्या ओळींमध्ये, कुठे टॅब, कुठे स्पेस असं केलंत, तर एरर येईल.

शेवटची ओळ इंडेंट केलेली नाही, म्हणून ती अटीच्या बाहेर आहे आणि तापमान काहीही असलं तरी छापली जाईल. आता तापमान ५० करून प्रोग्रॅम रन करा. मग शेवटची ओळ चार स्पेस आत ढकलून पुन्हा रन करा. हे दोन्ही प्रयोग खरोखर करून पाहा. कोणती ओळ अटीच्या ताब्यात आहे आणि कोणती मोकळी, हे हाताने केल्यावर जितकं समजतं तितकं वाचून समजत नाही.

पायथनमध्ये इंडेंटलाच अर्थ आहे. सी भाषेत तो महिरपी कंसांना असतो आणि इंडेंट फक्त वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. त्यातून २०१४ साली अॅपलच्या आयफोन आणि मॅकच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये एक प्रसिद्ध चूक सापडली. इफखालची एक ओळ लागोपाठ दोनदा लिहिली गेली होती आणि कंस नव्हते. दिसायला दोन्ही ओळी अटीच्या आत होत्या, पण अटीच्या ताब्यात फक्त पहिली होती. दुसरी दर वेळी चालायची आणि पुढची महत्त्वाची तपासणी होतच नसे. सी किंवा जावास्क्रिप्टसारखी भाषा शिकत असाल, तर आत एकच ओळ असली तरी कंस द्यायची सवय लावून घ्या.

पायरी ३: रेघ ओढा, मग एलिफ लिहा

अट खोटी ठरली तर काय करायचं, ते एल्समध्ये जातं. दोनाहून जास्त रस्ते असले की मध्ये एलिफ येतं. पण आधी कागद.

समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाला पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठतं आणि १०० ला उकळतं. कागदावर एक आडवी रेघ ओढा आणि तिच्यावर ० आणि १०० असे दोन ठिपके द्या. रेघेचे किती भाग झाले? बहुतेक जण तीन म्हणतात. मी पाच मोजायला सांगतो: शून्याखाली, बरोबर शून्य, शून्य आणि शंभरच्या मधलं, बरोबर शंभर, शंभराच्या वर. तीन पट्टे आणि दोन ठिपके. पट्ट्यांचं उत्तर सहज सुचतं. ठिपके कोणत्या घरात जाणार, हे मात्र तुम्हालाच ठरवावं लागतं, कॉम्प्युटर ते ठरवून देणार नाही. बरोबर शून्याला बर्फ आणि पाणी दोन्ही एकत्र राहू शकतात, म्हणजे निसर्गानेही तिथे एकच उत्तर दिलेलं नाही. प्रोग्रॅमला मात्र एकच द्यावं लागेल. समजा, आपण शून्य बर्फाला दिलं आणि शंभर वाफेला:

```
इफ तापमान <= ०:
    प्रिंट("बर्फ")
एलिफ तापमान < १००:
    प्रिंट("पाणी")
एल्स:
    प्रिंट("वाफ")
```

'पाणी'च्या अटीत 'शून्याहून जास्त' असं वेगळं लिहिलेलं नाही. कॉम्प्युटर त्या ओळीपर्यंत पोहोचला, याचाच अर्थ पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं होतं. वरच्या अटीने जे बाजूला काढलं, ते खालच्या अटीला पुन्हा विचारावं लागत नाही. आणि ज्या ठिकाणी पहिल्यांदा 'हो' मिळतं, तेवढाच ब्लॉक चालतो, बाकी सगळे सोडून दिले जातात. एलिफची साखळी समजली म्हणजे हीच गोष्ट समजली.

आता ही चूक पाहा:

```
गुण = ९२
इफ गुण >= ४०:
    प्रिंट("क श्रेणी")
एलिफ गुण >= ६०:
    प्रिंट("ब श्रेणी")
एलिफ गुण >= ८०:
    प्रिंट("अ श्रेणी")
एल्स:
    प्रिंट("अनुत्तीर्ण")
```

९२ गुणांना 'क श्रेणी' मिळते. कारण ९२ हे ४० पेक्षा मोठेच आहेत, पहिल्याच दारात 'हो' मिळालं आणि खालची दोन दारं कधीच उघडणार नाहीत. व्याकरणाची चूक नाही, एररही नाही. 'मोठं किंवा समान' वापरत असाल तर मोठ्या आकड्यापासून खाली या, 'लहान किंवा समान' वापरत असाल तर लहानापासून वर जा.

एलिफऐवजी सगळीकडे इफ लिहिलं तर? मग ते वेगवेगळे प्रश्न होतात आणि प्रत्येक विचारला जातो. ९२ गुणांना तिन्ही श्रेणी छापल्या जातील. कधीकधी हेच हवं असतं. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा आहे का आणि त्यात एक तरी अंक आहे का, हे दोन प्रश्न एकमेकांवर अवलंबून नाहीत. दोन्ही उणिवा असतील तर युजरला दोन्ही एकाच वेळी कळायला हव्यात, म्हणून तिथे दोन स्वतंत्र इफ. शक्यता एकमेकींना वगळत असतील तर एलिफ, एकत्र नांदू शकत असतील तर वेगळे इफ.

एल्सबद्दल सावध राहा. एल्स म्हणजे 'उरलेलं सगळं', आणि त्या 'सगळं'मध्ये तुम्ही विचारही न केलेल्या गोष्टी येतात. वरचा क्रम सुधारला तरी उणे ५ गुण टाकले की प्रोग्रॅम 'अनुत्तीर्ण' म्हणेल आणि ९२० टाकले की 'अ श्रेणी' देईल. दोन्ही उत्तरं निरर्थक आहेत. म्हणून पहिल्या दारातच पहारेकरी बसवा:

```
इफ गुण < ० ऑर गुण > १००:
    प्रिंट("गुण चुकीचे आहेत")
एलिफ गुण >= ८०:
    प्रिंट("अ श्रेणी")
एलिफ गुण >= ६०:
    प्रिंट("ब श्रेणी")
एलिफ गुण >= ४०:
    प्रिंट("क श्रेणी")
एल्स:
    प्रिंट("अनुत्तीर्ण")
```

पायरी ४: आणि, किंवा, नाही

अँड म्हणजे दोन्ही खरं असलं तरच खरं. ऑर म्हणजे एक जरी खरं असलं तरी खरं. नॉट म्हणजे उलट. व्याख्या सोप्या आहेत, पण आपली बोलण्याची भाषा इथे फसवते. आपण म्हणतो, 'शनिवारी आणि रविवारी सुट्टी.' हे जसंच्या तसं लिहिलं तर असं होतं:

```
इफ वार == "शनिवार" अँड वार == "रविवार":
    प्रिंट("सुट्टी")
```

या प्रोग्रॅममध्ये सुट्टी कधीच मिळणार नाही, कारण कोणताही दिवस एकाच वेळी शनिवार आणि रविवार नसतो. बोलताना आपण दिवसांची यादी करत होतो, अट मात्र एकेका दिवसाला प्रश्न विचारते. इथे ऑर हवं. अटीचं मराठी वाक्य करताना 'आजचा वार शनिवार आहे किंवा आजचा वार रविवार आहे' असं पूर्ण, कंटाळवाणं वाक्य लिहा. ते वाक्य लिहून झालं की कोड जवळजवळ तयारच असतो.

पूर्ण वाक्य लिहिण्याचा दुसरा फायदा:

```
इफ उत्तर == "हो" ऑर "होय":
```

ही अट नेहमीच खरी ठरते, उत्तर 'नाही' असलं तरीही. ऑरच्या उजवीकडे प्रश्न नाही, नुसता एक शब्द आहे, आणि पायथन कोणत्याही रिकाम्या नसलेल्या मजकुराला खरं मानतो. दोन्ही बाजूंना पूर्ण प्रश्न लिहा, किंवा इन वापरा:

```
इफ उत्तर इन ("हो", "होय"):
```

नॉट वापरताना एक नियम उपयोगी पडतो. तो एकोणिसाव्या शतकातल्या ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो: कंस उलटवला की आतली प्रत्येक अट उलटते, अँड ऑर होतो आणि ऑर अँड होतो. 'गुण शून्याहून कमी नाहीत आणि शंभराहून जास्त नाहीत' याच्या उलट काय? 'शून्याहून कमी आहेत किंवा शंभराहून जास्त आहेत.' नवशिके इथे हटकून अँड लिहितात. शून्याहून कमी आणि शंभराहून जास्त असा आकडा कुठेच नाही, त्यामुळे त्यांचा पहारेकरी कायमचा झोपलेला असतो.

अँड आणि ऑर एकाच ओळीत आले तर अँड आधी सोडवला जातो. पण हा नियम पाठ करण्यापेक्षा कंस घाला. वाचणाऱ्याला शंका राहत नाही.

अँडच्या डाव्या बाजूचं उत्तर 'नाही' आलं, तर पायथन उजवी बाजू पाहतच नाही. याचा उपयोग करून घेता येतो:

```
इफ संख्या != ० अँड एकूण / संख्या > ५०:
```

संख्या शून्य असेल तर भागाकार होतच नाही. दोन बाजूंची अदलाबदल केली की शून्याने भागल्याची एरर येऊन प्रोग्रॅम बंद पडेल.

पायरी ५: अटीच्या आत अट

लीप वर्ष हे माझं आवडतं उदाहरण आहे, कारण नियमाला अपवाद आणि अपवादालाही अपवाद आहे. पृथ्वीची सूर्याभोवतीची फेरी सुमारे ३६५.२४२२ दिवसांची. दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवला तर सरासरी ३६५.२५ होते, म्हणजे किंचित जास्त. म्हणून १५८२ साली आलेल्या ग्रेगोरियन कॅलेंडरने ठरवलं की १०० ने भाग जाणारी वर्षं लीप नाहीत, पण ४०० ने भाग जाणारी आहेत. १९०० लीप नव्हतं, २००० होतं, २१०० नसेल.

कोडमध्ये % हे चिन्ह भागाकाराची बाकी देतं. बाकी शून्य म्हणजे पूर्ण भाग गेला. नियम जसा सांगितला तसाच लिहिला तर अटीच्या पोटात अट आणि तिच्या पोटात आणखी एक अट अशी तीन मजली रचना होते. ती चूक नाही, पण तिसऱ्या मजल्यावर कोणता एल्स कोणत्या इफचा, हे डोळ्यांनी शोधावं लागतं. सगळ्यात दुर्मीळ अपवाद आधी विचारला की इमारत एकमजली होते:

```
इफ वर्ष % ४०० == ०:
    प्रिंट("लीप वर्ष")
एलिफ वर्ष % १०० == ०:
    प्रिंट("साधं वर्ष")
एलिफ वर्ष % ४ == ०:
    प्रिंट("लीप वर्ष")
एल्स:
    प्रिंट("साधं वर्ष")
```

याची परीक्षा चार वर्षांत होते: २०००, १९००, २०२४ आणि २०२३. प्रत्येक वर्ष वेगळ्या दारातून बाहेर पडतं. यातलं एक जरी तपासायचं राहिलं, तर एक दार न उघडताच राहिलं असं समजा.

आत अट लिहिताना तिचा एल्स विसरला तर काय होतं, ते ३१ डिसेंबर २००८ ला दिसलं. मायक्रोसॉफ्टच्या झून या म्युझिक प्लेअरचं ३० जीबीचं मॉडेल त्या दिवशी जगभर एकाच वेळी गोठलं. आतलं घड्याळ १ जानेवारी १९८० पासूनचे दिवस मोजायचं आणि त्यावरून वर्ष काढायचं. मूळ कोड सी भाषेतला, त्याचा गाभा आपल्या पद्धतीने असा:

```
व्हाइल दिवस > ३६५:
    इफ लीप_आहे(वर्ष):
        इफ दिवस > ३६६:
            दिवस = दिवस - ३६६
            वर्ष = वर्ष + १
    एल्स:
        दिवस = दिवस - ३६५
        वर्ष = वर्ष + १
```

व्हाइल म्हणजे अट खरी आहे तोवर पुन्हा पुन्हा कर. आता पुढे वाचण्याआधी कागदावर दिवस = ३६६ आणि वर्ष = २००८ घेऊन स्वतः चालवून पाहा.

३६६ हे ३६५ पेक्षा मोठे, म्हणून आत शिरलो. २००८ लीप आहे, म्हणून पहिल्या फांदीत गेलो. ३६६ हे ३६६ पेक्षा मोठे आहेत का? नाहीत. मग काय करायचं? काहीच लिहिलेलं नाही. दिवस बदलला नाही, वर्ष बदललं नाही, परत वर, पुन्हा तोच प्रश्न. यंत्र त्या चक्रातून बाहेर पडेना. बॅटरी पूर्ण उतरू देऊन १ जानेवारीला पुन्हा चालू केल्यावर ते ठीक झालं, कारण तोवर आकडा बदलला होता. झून बाजारात आलं २००६ साली, त्यामुळे लीप वर्षाचा शेवटचा दिवस त्याने तोवर पाहिलाच नव्हता. आतल्या इफला एक एल्स आणि त्यात चक्रातून बाहेर पडण्याची सूचना, एवढंच हवं होतं. रेघेवरचा एक ठिपका बेघर राहिला होता.

म्हणून आत अट लिहिली की स्वतःला विचारा: हिचा एल्स कुठे आहे? तिथे खरंच काही करायचं नसेल तर हरकत नाही. पण ते विचार करून ठरवलेलं असावं.

पायरी ६: युजरने दिलेली किंमत

आतापर्यंत आकडे आपण कोडमध्येच लिहिले. युजरकडून इनपुटने घेतलेली प्रत्येक गोष्ट पायथनकडे मजकूर म्हणून येते, आकडा असला तरी. ५ हा आकडा आणि "५" हा मजकूर यांची == ने तुलना केली, तर उत्तर फॉल्स येतं, तेही एररशिवाय. < किंवा > वापरलं तर निदान एरर तरी येते. दोन्ही बाजूंना मजकूर असेल तर आणखी पंचाईत: "९" हे "१०" पेक्षा मोठं ठरतं, कारण मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते. उपाय, घेतल्याबरोबर आकडा करा:

```
गुण = इंट(इनपुट("गुण सांगा: "))
```

कोडमध्ये देवनागरी आकडे चालत नाहीत असं वर सांगितलं, पण युजरने देवनागरीत ९२ टाइप केलं तर इंट त्याचाही नीट आकडा करतं. मराठीतून वापरायचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ही मोठी सोय आहे.

दशांश आकड्यांना == लावू नका. ०.१ + ०.२ == ०.३ याचं उत्तर फॉल्स येतं, कारण हे अपूर्णांक कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत नेमके मावत नाहीत आणि शेवटच्या घरात सूक्ष्म फरक उरतो. दोन आकड्यांमधला फरक अगदी लहान आहे का, असं विचारा.

पायरी ७: ठिपक्यांवर बोट ठेवून तपासा

श्रेणीचा प्रोग्रॅम ५०, ७० आणि ९० वर तपासून 'चालतोय' म्हणणारे खूप भेटतात. हे आकडे पट्ट्यांच्या मधोमध आहेत, तिथे चूक क्वचितच असते. चूक असते ती सीमेवर, >= च्या जागी > पडलेलं असतं तिथे. म्हणून प्रत्येक सीमेसाठी तीन आकडे घ्या: एक अलीकडचा, एक नेमका, एक पलीकडचा. अपेक्षित उत्तर प्रोग्रॅम रन करण्याआधी लिहा. नंतर लिहिलं तर समोर आलेलं उत्तरच बरोबर वाटायला लागतं.

```
-१, ०, १       चुकीचे, अनुत्तीर्ण, अनुत्तीर्ण
३९, ४०, ४१     अनुत्तीर्ण, क, क
५९, ६०, ६१     क, ब, ब
७९, ८०, ८१     ब, अ, अ
९९, १००, १०१   अ, अ, चुकीचे
```

हे जमलं की पुढचा प्रोग्रॅम स्वतः लिहा: तीन लांबी घ्यायच्या आणि त्यांचा त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज ते सांगायचं. समभुज त्रिकोण समद्विभुजही असतो, म्हणून कोणतं दार आधी ठेवायचं ते कागदावर ठरवा. मग ३, ३, ३ टाका. ३, ३, ५ टाका, आणि तेच आकडे ३, ५, ३ आणि ५, ३, ३ असे फिरवूनही टाका. ०, ४, ४ टाका. शेवटी १, २, ३ टाका: लहान दोन बाजूंची बेरीज बरोबर तिसरीएवढी, म्हणजे त्रिकोण न होता नुसती रेघ उरते. तुमच्या प्रोग्रॅमने तिला 'विषमभुज' म्हटलं, तर पहारेकऱ्याच्या अटीत < आणि <= यांतलं कोणतं चिन्ह आहे ते पाहा.